ट्रेलर-कॅरव्हॅनमध्ये जादा प्लगपॉइंट काढायचेत, मार्गदर्शन हवं

पूर्वा_मुलुंड
४ ऑक्टोबर, २२:१४

नमस्कार मंडळी. गाड्यांवर इथे ढिगाने धागे आहेत, पण ट्रेलरवर एकही सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. आधीचा असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगते.

आमच्याकडे एसयूव्हीच्या मागे जोडायची छोटी कॅरव्हॅन आहे. आतून साधारण बारा बाय सहा फूट. चौघांची झोपायची सोय, मागच्या अंगाला ओटा, ओट्याखाली पाच किलोचा सिलिंडर. बांधून देणाऱ्याने आख्ख्या कॅरव्हॅनमध्ये २३० व्होल्टचे दोनच पॉइंट दिलेत. एक ओट्यावर आणि एक दाराजवळ. दाराजवळचा कशासाठी हे आजवर कुणाला कळलेलं नाही. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे, १००० वॅटचा इन्व्हर्टर आहे, दिवे आणि छतावरचा पंखा १२ व्होल्टवर चालतात. होमस्टेवाल्याकडून वीज घ्यायची असेल तर बाहेरच्या बाजूला १६ अँपिअरचं इनलेट आहे.

आता गरज अशी: चारही बिछान्यांशेजारी फोन चार्जिंग, सासऱ्यांचं सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देणारं) रात्रभर, माझा लॅपटॉप, ओट्यावर मिक्सर आणि किटली. नवरा म्हणतो, स्पाइक गार्ड टाकू आणि मोकळे होऊ. मला पायात येणाऱ्या वायरी नकोत. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, आहे त्या बोर्डवरून लूप मारतो, चार पॉइंट काढतो, तासाभराचं काम." त्याचं हे "तासाभराचं" ऐकूनच धाकधूक वाटतेय. भिंत आतून प्लायवूड, मध्ये पांढरा थर्मोकोलसारखा शीट, बाहेरून अ‍ॅल्युमिनियम. दिवाळीत दिवेआगरला जायचंय. लूप घेऊन, म्हणजे जुन्याच पॉइंटमधून पुढे वायर ओढून, चालेल का?

---

खटपट्या
४ ऑक्टोबर, २२:३१

तुमच्या मिस्टरांना माझा पाठिंबा. चांगल्यातला स्पाइक गार्ड घ्या, दोन्ही बाजूंच्या टेपने कपाटाच्या आत चिकटवा, विषय संपला. भिंती कशाला फोडता!

---

चहाटळ
४ ऑक्टोबर, २२:४०

प्लगपॉइंटचं नंतर बघू. मुलुंडमध्ये कॅरव्हॅन उभी कुठे करता ते आधी सांगा. आमच्या सोसायटीत दुसरी अ‍ॅक्टिव्हा ठेवायला तीन सभा झाल्या.

---

पूर्वा_मुलुंड
४ ऑक्टोबर, २२:५२

@चहाटळ, सुरुवातीला सोसायटीतच आणली होती. सेक्रेटरींनी पत्र दिलं की "सदर वाहनात स्वयंपाकघर असल्याने ते वाहन आहे की सदनिका याचा खुलासा करावा." आता कर्जतला नणंदेच्या वाडीत असते. नणंदेचे सासरे दुपारची झोप त्यातच काढतात.

---

चहाटळ
४ ऑक्टोबर, २२:५५

मेंटेनन्स लावला नाही हे नशीब. चौरस फुटावर लावला असता.

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, ०६:२०

पूर्वाताई, वीजवितरणात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

पॉइंट किती हा प्रश्न दुय्यम आहे. टाकीला नळ वाढवले म्हणून पाणी वाढत नाही. तुमची टाकी किती? १२.८ गुणिले १००, म्हणजे १२८० वॅट-अवर. इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के गळती धरा. आता यातून काय काय प्यायचंय ते बघू.

फोन चार असले तरी किरकोळ. लॅपटॉप ६५ वॅटचा. सीपॅप, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) बंद ठेवलं तर साधारण ३० ते ६० वॅट, म्हणजे आठ तासांचे २५० ते ५०० वॅट-अवर. पंखा, दिवे, फ्रिज असेल तर तो. हे सगळं बसतं. मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा, पण दोन-चार मिनिटं चालतो, तोही बसतो. फक्त मोटर सुरू होताना जो झटका घेते तो इन्व्हर्टरला झेपला पाहिजे.

किटली मात्र १५०० वॅटची. तुमचा इन्व्हर्टर १००० चा. पॉइंट चार काढा नाहीतर चाळीस, ती इन्व्हर्टरवर चालणार नाही. मोठा इन्व्हर्टर बसवला तरी हिशेब बघा: १००० वॅट काढायला १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे ९० अँपिअर ओढावे लागतात. त्याला करंगळीएवढी जाड केबल लागते. लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळायला जवळपास ९० वॅट-अवर जातात, शिवाय गळती. चौघांचा दोन वेळचा चहा झाला की बॅटरीचा सहावा-सातवा हिस्सा गेला.

माझं सरळ मत: तुम्हाला २३० चे जादा पॉइंट फार नकोतच. तुम्हाला १२ व्होल्टचे हवेत. फोन, लॅपटॉप, सीपॅप ही सगळी मुळात डीसीवर, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, चालणारी मंडळी. बॅटरीतला डीसी इन्व्हर्टरने एसी (घरातल्यासारखा दिशा बदलणारा प्रवाह) करायचा आणि चार्जरने पुन्हा डीसी करायचा, दोन्हीकडे गळती. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॅट स्वतःच खातो. रात्रभर फोनसाठी इन्व्हर्टर चालू ठेवणं म्हणजे सकाळी बॅटरी कुठे गेली म्हणून शोधत बसणं.

---

शंकासुर
५ ऑक्टोबर, ०९:०५

काका __/\__ 
एक शंका. सीपॅप १२ व्होल्टवर थेट चालतं का? आमच्याकडचं २४ व्होल्टचं आहे.

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, ०९:३०

मशीनच्या तळाशी किंवा अडॅप्टरवर लिहिलेलं असतं. काही १२ व्होल्टची, काही २४ ची. २४ व्होल्टच्या मशीनला त्याच कंपनीचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, तो १२ चे २४ करतो. बाजारातला भलताच जोडू नये, माणसाच्या श्वासाचा प्रश्न आहे. आणि दिवेआगरला नेण्याआधी एक आख्खी रात्र घरी बॅटरीवर चालवून बघा. ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी चालू असेल तर खप दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

---

डेन्व्हरचा_देशपांडे
५ ऑक्टोबर, १०:१८ (इकडे रात्र आहे)

काकांशी सहमत, थोडं इकडचं सांगतो. आमचा ट्रेलर १९ फुटी. इकडे घरातली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लहान ट्रेलर कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरच्या जोडणीने लागतात, म्हणजे एकूण ३६०० वॅट. मोठ्यांना ५० अँपिअरची. प्रत्येक कॅम्प साइटला स्वतंत्र खांब, त्यावर ब्रेकर. तरी लोक एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह आणि हेअर ड्रायर एकदम लावतात आणि मग अंधारात टॉर्च घेऊन ब्रेकर शोधतात.

जादा पॉइंट काढणं हा इकडे आवडता उद्योग आहे. ट्रेलरची भिंत इंच-दीड इंचाची, त्यात घरातला खोल बॉक्स मावत नाही. म्हणून ट्रेलरसाठी वेगळे चपटे सॉकेट मिळतात. बॉक्स आणि सॉकेट एकातच, मागून वायर दाबून बसवायची, पुढून पकडी भिंतीला धरतात. ओट्याजवळ, बाथरूमजवळ आणि बाहेरच्या बाजूला गळती ओळखणारं संरक्षण सक्तीचं, आणि ते ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटतं. त्या सॉकेटच्या पुढे जोडलेल्या सॉकेटांनाही तेच संरक्षण मिळतं, त्यामुळे लूप घेणं इकडे सर्रास चालतं, फक्त कुठून घेतला ते महत्त्वाचं.

---

खटपट्या
५ ऑक्टोबर, १०:४०

देशपांडे, मग ते चपटे सॉकेट येताना घेऊन या ना दोन डझन. इथे विकू. :)

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, १०:५८

अजिबात आणू नका. ते १२० व्होल्टचे, पिन वेगळ्या. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन गोल पिना, ६ आणि १६ अँपिअर. आयएसआय छापाचंच घ्यायचं. भिंतीत खोली मिळत नसेल तर बाहेरून बसणारा सरफेस बॉक्स लावा, किंवा कपाटाच्या बाजूच्या फळीत सॉकेट बसवा म्हणजे मागचा भाग कपाटाच्या आत येतो. एखादा इंच जागा गेली तर जाऊ दे.

---

लोहारचाळकर
५ ऑक्टोबर, १३:१५

आमचं लोहार चाळीत दुकान आहे, स्वतः वायरिंगही केलेलं आहे, म्हणून कामाचं तेवढं लिहितो. जाहिरात नाही, दुकानाचं नाव सांगणार नाही.

पहिली गोष्ट, वायर. घरात काही जण अजून एकतारी कडक वायर ओढतात. चालत्या गाडीत ती चालत नाही. माणगावच्या पुढचा रस्ता आठवा. सतत हादरून स्क्रूजवळ तार तुटते. अनेक बारीक तारांची लवचिक तांब्याचीच घ्यायची. १६ च्या पॉइंटला २.५ चौरस मिमी, ६ च्या पॉइंटला १.५ पुरते, पण एवढ्याशा ट्रेलरमध्ये सगळीकडे २.५ च ओढा, पैशात फार फरक पडत नाही. टोकाला फेरूल किंवा लग (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी किंवा कडी) दाबून मगच स्क्रूखाली. तारा पिळून, टेप गुंडाळून जोड द्यायचा नाही. जोड द्यावाच लागला तर डब्यात, आणि तो डबा पुन्हा उघडता आला पाहिजे.

दुसरी, भोकं. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी चकती). नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात इन्सुलेशन कापते आणि फेज थेट बॉडीला. भोक पाडण्याआधी मागे पाण्याची नळी, गॅसची नळी, जुनी वायर कुठे आहे ते बघा. बांधून देणाऱ्याकडे नकाशा मागा. देणार नाही, पण मागा.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ताई, तुमचा तो पांढरा शीट थर्मोकोल असेल तर पीव्हीसीची वायर त्याला चिकटून ओढायची नाही. थर्मोकोल पीव्हीसीमधलं तेलकट द्रव्य शोषून घेतो, वायर हळूहळू कडक होते आणि तडकते. पाइपमधून न्या. त्याहून सोपं म्हणजे भिंतीत शिरूच नका. वरच्या कपाटांच्या आतून पट्टी किंवा फ्लेक्सिबल पाइप फिरवा. दिसत नाही आणि पुढे-मागे हात लावता येतो.

आणि रंग! घरात लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. गाडीच्या १२ व्होल्टमध्ये लाल पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह. एकाच कपाटात दोन्ही लाल-काळ्या जोड्या आल्या तर पाच वर्षांनी उघडणारा माणूस कुणाच्या भरवशावर हात घालणार? २३० ला तपकिरी-निळी-हिरवीपिवळी वापरा, १२ ला लाल-काळी. पाइपही वेगळे.

---

अनुस्वार
५ ऑक्टोबर, १३:४४

थर्मोकोलचं पहिल्यांदाच कळलं. वाचनखूण साठवली.

---

खटपट्या
५ ऑक्टोबर, १४:१०

बरं बुवा, स्पाइक गार्ड मागे घेत नाही पण १२ व्होल्टचं पटलं. मग १२ व्होल्टसाठी साधेच टू-पिन सॉकेट लावले तर? स्वस्त, कुठेही मिळतात.

---

लोहारचाळकर
५ ऑक्टोबर, १४:२२

खटपट्याभाऊ, नको. आज तुम्हाला माहीत आहे की तो १२ व्होल्टचा आहे. उद्या पाहुणा त्यात २३० चा चार्जर घालेल, तो चालणार नाही, ठीक. पण तुमची सवय उलटी लागली आणि १२ व्होल्टच्या पंख्याची टू-पिन कुणी घरातल्या खऱ्या सॉकेटमध्ये घातली की धूर. १२ ला लायटरसारखं गोल सॉकेट किंवा थेट टाइप-सी सॉकेट. १२ व्होल्टवर चालणारे ६५ वॅटचे टाइप-सी पॅनल सॉकेट आता मिळतात, लॅपटॉपही चालतो.

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, १४:५०

+१. त्यात भर: घरातला साधा एसी स्विच किंवा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) डीसीला वापरायचा नाही. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी विझते. डीसीमध्ये ती विझायला असं निमित्त मिळत नाही. डीसीसाठीचंच घ्या.

१२ व्होल्टला बारीक वायर हा आणखी एक घोळ. लोकांना वाटतं व्होल्ट कमी, म्हणजे वायर बारीक चालेल. उलट आहे. पाच मीटर लांब, १.५ चौरस मिमीची वायर, त्यातून १० अँपिअर. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं, जवळपास १.१५ व्होल्ट वाटेतच पडतात. बारातून एवढा गेला तर मशीन कुरकुरणारच. ४ चौरस मिमी घेतली तर पडझड ०.४३ वर येते. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज, त्यानंतर फ्यूज बॉक्स, त्यातून प्रत्येक फांदीला वेगळा फ्यूज. फ्यूज हा वायरला वाचवायला असतो, यंत्राला नाही. म्हणून वायरच्या जाडीवरून तो ठरवायचा.

---

शेवंता_ठाणे
५ ऑक्टोबर, १६:३०

मला त्यातलं काही कळत नाही, पण एक अनुभव लिहिते. मागे एका कॅम्प साइटवर (नाव नको) मैत्रिणीच्या कॅरव्हॅनला वीज जोडली होती. पाऊस पडून गेलेला, गवत ओलं. अनवाणी उभं राहून दाराचं हँडल धरलं की हाताला झिणझिण्या. आत बसलेल्यांना काही जाणवत नव्हतं. कॅम्पवाला म्हणाला, "स्टॅटिक असेल." हे काय असतं?

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, १७:०२

शेवंताताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ते स्टॅटिक नव्हे. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो, जमिनीशी त्याचा संबंध फक्त अर्थिंगच्या वायरीतून. कॅम्पवाल्याच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन होती पण मागे अर्थिंग नव्हतं, आणि ट्रेलरमध्ये कुठेतरी गळती होती. आख्खी बॉडी जिवंत झाली. आतला माणूस बॉडीच्याच व्होल्टेजला, म्हणून त्याला काही नाही. चढता-उतरताना ज्याचा एक पाय ओल्या मातीत आणि हात हँडलवर, मार्ग त्याच्यातून.

पूर्वाताई, एकही नवा पॉइंट काढण्याआधी हे तपासा: तुमच्या ट्रेलरचा सांगाडा आणि बाहेरचा पत्रा इनलेटच्या अर्थ पिनला जोडलेला आहे का? आत शिरल्याशिरल्या ३० मिलिअँपिअरचा दोन पोलांचा आरसीसीबी (गळती ओळखून फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) आहे का? नसेल तर त्या तासाभरवाल्या माणसाला आधी या कामाला लावा.

---

निसर्गवेडा
५ ऑक्टोबर, १७:४०

मी स्वतःची लोखंडी सळई नेतो, जमिनीत ठोकतो आणि ट्रेलरला वायर लावतो. कॅम्पवाल्याच्या अर्थिंगवर विसंबतच नाही. :)

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, १८:१५

निसर्गवेडा, कल्पना चांगली, पण हिशेब अर्धा. दोन फुटी सळईचा मातीतला विरोध सहज शंभर ओहम, कोकणातल्या जांभ्यात त्याहून बराच जास्त. १०० धरला तरी २३० भागिले १०० म्हणजे २.३ अँपिअर. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही, आणि बॉडी जिवंतच राहील. पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो तत्क्षणी तुटतो. म्हणून सळई हवी तर ठोका, पण आरसीसीबीशिवाय तिचा भरवसा धरू नका. आरसीसीबीला स्वतःला चालायला अर्थिंग लागत नाही, फेजमधून गेलेलं आणि न्यूट्रलमधून परत आलेलं जुळतं का एवढंच तो बघतो. त्यावरचं टेस्ट बटण प्रत्येक प्रवासाआधी दाबा.

---

लोहारचाळकर
५ ऑक्टोबर, १९:०१

आणि तीन दिव्यांचा टेस्टिंग प्लग ठेवा, शे-दोनशेत मिळतो. होमस्टेच्या सॉकेटमध्ये आधी तो घालायचा. अर्थ नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत हे लगेच दाखवतो. अर्थिंग किती चांगलं आहे ते मात्र सांगत नाही. फेज-न्यूट्रल उलटे असणं गावाकडे नवं नाही, म्हणून ट्रेलरचा मेन दोन पोलांचाच हवा, म्हणजे बंद केला की दोन्ही वायरी तुटतात.

बाहेरची केबल तीन कोअर २.५ ची. गुंडाळी असेल तर पूर्ण उलगडायची. रीळावर तशीच ठेवून किटली लावली तर आतली गुंडाळी तापते, वितळलेल्या पाहिल्यात.

---

चहाटळ
५ ऑक्टोबर, १९:२०

किटली, किटली, किटली. ओट्याखाली पाच किलोचा गॅस आहे ना? शेगडीवर आलं ठेचून चहा करा की. किटलीतल्या पाण्यात पुडी बुडवण्याला चहा म्हणणाऱ्यांनी दिवेआगरला जाऊच नये.

---

पूर्वा_मुलुंड
५ ऑक्टोबर, २०:०५

@चहाटळ, किटली सासूबाईंच्या गरम पाण्याच्या पिशवीसाठी आहे हो!

---

शेवंता_ठाणे
५ ऑक्टोबर, २०:११

त्यासाठीही शेगडीच बरी. :)

अवांतर: सिलिंडर ओट्याखाली आणि नवे पॉइंट पण ओट्याजवळ, हे चालतं का?

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, २०:३५

अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात किंवा जमिनीलगत सॉकेट, स्विच, इन्व्हर्टर काहीही नको. कप्पा आतून बंद हवा आणि त्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. ओट्यावरचा पॉइंट शेगडी आणि सिंक या दोघांपासून लांब, उंचावर.

---

शंकासुर
५ ऑक्टोबर, २१:१०

काका, एक आडवी शंका. इन्व्हर्टरवर चालताना आरसीसीबी काम करतो का? इन्व्हर्टरचं न्यूट्रल तर कशालाच बांधलेलं नसतं.

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, २१:४५

शंकासुरा, योग्य ठिकाणी बोट ठेवलंस. बऱ्याच लहान इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं असतं. एका वायरीला गळती झाली तरी प्रवाहाला परतीची वाट नाही, त्यामुळे आरसीसीबी गप्प. पहिल्या बिघाडात धक्काही बसत नाही. दुसऱ्या वायरीलाही बिघाड झाला की मग खरं.

---

डेन्व्हरचा_देशपांडे
५ ऑक्टोबर, २२:०३

मग इन्व्हर्टरचं न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकायचं. इकडे तसंच करतात.

---

व्होल्टकाका
५ ऑक्टोबर, २२:२०

देशपांडे, सरसकट नाही. काही इन्व्हर्टरमध्ये दोन्ही वायरी अर्थच्या तुलनेत निम्म्या निम्म्या व्होल्टेजला असतात. त्यात न्यूट्रल म्हणून एक वायर अर्थला जोडली तर इन्व्हर्टर जळतो. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच. आणि बाहेरची वीज लागलेली असताना ही जोडणी ट्रेलरमध्ये राहता कामा नये, न्यूट्रल-अर्थ जोड तेव्हा फक्त पुरवठ्याच्या बाजूला हवा. म्हणून चेंजओव्हर स्विच (दोनपैकी एकच पुरवठा जोडणारा) असा लागतो की इन्व्हर्टरवर टाकला की जोड होतो, बाहेरच्या विजेवर टाकला की सुटतो. चांगल्या इन्व्हर्टर-चार्जरमध्ये हे आतच असतं.

---

डेन्व्हरचा_देशपांडे
५ ऑक्टोबर, २२:३१

बरोबर. माझ्या इन्व्हर्टरमध्ये ते आतच आहे, म्हणून वेगळा विचार करायची वेळ आली नव्हती.

---

खटपट्या
६ ऑक्टोबर, ०८:३०

पूर्वाताईंच्या ट्रेलरमध्ये चेंजओव्हर आहे का मुळात? की इन्व्हर्टर आणि बाहेरची वीज एकाच बोर्डवर?

---

पूर्वा_मुलुंड
६ ऑक्टोबर, ०९:१२

नवरा सकाळीच कर्जतला गेला, फोटो पाठवलेत. आता माहिती: ओट्यावरचा पॉइंट फक्त इन्व्हर्टरवर. दाराजवळचा फक्त बाहेरच्या विजेवर. (तो पॉइंट कशासाठी होता हे आज कळलं.) चेंजओव्हर नाही. एक १६ चा एमसीबी आहे, एका पोलाचा. आरसीसीबी नाही. सांगाड्याला अर्थची वायर आहे, पण पेंटवरच स्क्रू मारलाय.

---

लोहारचाळकर
६ ऑक्टोबर, ०९:३०

पेंटवर मारलेला अर्थ असून नसल्यासारखा. घासून उघडं लोखंड करा, दातेरी वॉशर, लग, बोल्ट आणि वरून ग्रीस. समुद्राकाठी जाणार असाल तर हे वर्षातून एकदा बघायचं. आता कळलं ना, आहे त्या बोर्डवरून लूप का नको? दोन बोर्ड दोन वेगळ्या घराण्यांतले आहेत. त्या तासाभरवाल्याने दोघांचे लूप एका डब्यात आणले असते तर बाहेरची वीज इन्व्हर्टरच्या पोटात गेली असती.

---

अनुस्वार
६ ऑक्टोबर, ११:०४

यात आरटीओचा काही त्रास? बदल केले की नोंदणी रद्द वगैरे ऐकतो.

---

निसर्गवेडा
६ ऑक्टोबर, ११:४०

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीत लिहिलेला तपशील मूळ बांधणीपेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, असा त्याचा गाभा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केलं. आतल्या कपाटात चार सॉकेट बसवल्याने आरसीवरचा तपशील बदलत नाही. छतावर काही चढवून उंची-वजन बदलणार असाल तर मात्र आधी विचारा. विमा कंपनीला लेखी कळवणं आणि परवानाधारक वायरमनकडून काम करून बिल ठेवणं शहाणपणाचं, उद्या आग लागली तर तोच कागद कामाला येतो. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे, पण ते वाचून प्लगपॉइंट मिळणार नाहीत.

---

खटपट्या
६ ऑक्टोबर, १२:१५

छतावरून आठवलं, सोलर लावा की! २०० वॅटचं एक पॅनेल, फुकटची वीज.

---

निसर्गवेडा
६ ऑक्टोबर, १२:२८

जून ते सप्टेंबर कोकणात फुकटचं पाणी मिळतं, वीज नाही. बाकी आठ महिने उत्तम. पण दिवाळीआधी छताला भोकं पाडायला लावू नका त्यांना.

---

पूर्वा_मुलुंड
७ ऑक्टोबर, २१:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. नवरा धागा पूर्ण वाचून गप्प झालाय, हे लग्नानंतर क्वचित घडलंय. ठरलेलं लिहिते, चूक वाटल्यास सांगा.

चारही बिछान्यांशेजारी १२ व्होल्टचे टाइप-सी सॉकेट, सासऱ्यांच्या बाजूला एक गोल सॉकेट सीपॅपसाठी, स्वतंत्र फ्यूजवर, ४ चौरस मिमी वायरने. मशीन २४ व्होल्टचं निघालं, त्यांच्याच कंपनीचा कन्व्हर्टर मागवलाय. २३० चे नवे पॉइंट फक्त दोन: एक ओट्यावर सिंकपासून लांब, एक टेबलापाशी, दोन्ही कपाटाच्या फळीत. आधी छोटा डीबी (मेन स्विच आणि एमसीबींचा डबा), त्यात दोन पोलांचा मेन, आरसीसीबी, दोन एमसीबी. चेंजओव्हर दोन पोलांचा. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत न्यूट्रल-अर्थ जोडण्याला स्पष्ट मनाई आहे, म्हणून तो तसाच ठेवतोय आणि इन्व्हर्टरवर फक्त मिक्सर. किटली होमस्टेच्या विजेवरच. काम परवानाधारक वायरमन करणार, त्याने दोन दिवस सांगितलेत.

---

व्होल्टकाका
७ ऑक्टोबर, २२:०२

उत्तम. दोनच सूचना. चेंजओव्हरला मधली 'बंद' ही जागा असलेला घ्या. आणि मिक्सर इन्व्हर्टरवर चालवताना अनवाणी नको, हात कोरडे. आउटपुट तरंगतं आहे हे विसरू नका. डीबीच्या झाकणाच्या आत कुठली वायर कुठे जाते त्याचा कागद चिकटवा.

---

पूर्वा_मुलुंड
७ ऑक्टोबर, २२:१०

हो काका. @लोहारचाळकर, समुद्राकाठासाठी कथील चढवलेल्या तांब्याची वायर घ्या असं वायरमन म्हणतोय. ती लोहार चाळीत मिळेल का? रविवारी येऊ का?

---

लोहारचाळकर
७ ऑक्टोबर, २२:२५

मिळेल, बोटींसाठी नेतात लोक. १२ व्होल्टच्या बाजूला घ्या, तिथे खारी हवा जास्त त्रास देते. रविवारी बाजार बंद. शनिवारी दुपारच्या आत या, सीएसएमटीला उतरून चालत. गाडी आणू नका. ट्रेलर तर मुळीच नको.

---

चहाटळ
७ ऑक्टोबर, २२:२७

ट्रेलर आणलाच तर चहा माझ्याकडून. शेगडीवरचा.